गादीवाल्याचा लांब बाह्यांचा सदरा

लोकांची झोप ज्याच्या हातात आहे असा एखादा माणूस नात्यात असावा. माझ्या नात्यात तो होता. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे भाऊजी, गादीवाले. जुन्या गाद्या उसवायच्या, आत दगड होऊन बसलेला कापूस पिंजून मोकळा करायचा आणि पुन्हा खोळीत भरून टाचायचा, हा त्यांचा धंदा. वडिलांनी केला, आजोबांनी केला, म्हणून यांनीही केला. विचारलं तर म्हणत, "आमच्या घरात सगळे दुसऱ्यांच्या झोपेसाठीच जागले."

दुकान म्हणजे रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली उतरलं की लागणारी एक लांबच लांब खोली. मागच्या दारानं गेलं की घर. खोलीत एकच उंच खिडकी, आणि तीही छताजवळ. दुपारी तिच्यातून उन्हाचा एक तिरका पट्टा आत यायचा नि त्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे. खाली बसायचे नाहीत, वर जायचे नाहीत, नुसते विचार करत असल्यासारखे थांबायचे. छताला दोरी, दोरीला टांगलेलं माणसाएवढं लाकडी धनुष्य, म्हणजे पिंजण. डाव्या हातानं ते तोलून धरायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोकळ्यानं त्याच्या ताणलेल्या तारेवर टोला द्यायचा. ढुंग… ढुंग… तार कापसात शिरली की तिचा आवाज दबायचा, बाहेर आली की गुणगुणायचा. त्या आवाजात मी किती दुपारी झोपलो त्याची गणती नाही. गिऱ्हाईकं तर गादी टाकायला म्हणून यायची आणि ढिगाला टेकून घोरायची. भाऊजी कुणाला उठवत नसत. म्हणत, "जाहिरात आहे ती. राहू दे."

त्यांची दुसरी एक विद्या होती. ती त्यांनी कुणाकडून शिकलेली नव्हती. गादी बघून ते माणूस सांगत. खळगा कुठे, गाठी कुठे, कापूस कुठल्या बाजूला सरकलाय, हात फिरवायचे आणि डोळे मिटून बोलायचे, जणू काही त्या माणसाची स्वप्नं कापसात अडकून राहिली आहेत.

एकदा एका घड्याळजीची गादी आली. दोन्ही कडा दबलेल्या आणि मधोमध ही एवढी टेकडी. भाऊजींनी हात फिरवला. म्हणाले, "मेहुण्या, नवरा-बायको बोलत नाहीत. दोघं दोन काठांवर झोपतात." मी म्हटलं, मग आपण काय करणार? त्यांनी काय करावं! मधला कापूस मुद्दाम कमी भरला. गादीला असा काही बेमालूम उतार दिला की दोघांनी कितीही कड धरली तरी झोपेत घरंगळून मध्येच यावं. सहा महिन्यांनी घड्याळजी हसत हसत येऊन म्हणतो कसा, "गादी मध्ये दबली हो. पण राहू द्या, दुरुस्त करू नका."

आणि एक शाळेतल्या बाई आल्या होत्या. त्यांच्या गादीची एक बाजू वापरून सपाट झालेली, दुसऱ्या बाजूला फक्त एक जुना, खोल खळगा. भाऊजी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "या बाजूला हात लावू नका." भाऊजींनी अर्धीच गादी उसवली, अर्धाच कापूस पिंजला आणि तो खळगा जसाच्या तसा ठेवून मधून टाके घातले. असलं काम त्यांनी आयुष्यात एकदाच केलं असेल.

आता सदऱ्याचं सांगतो. भाऊजी कडक उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घालत, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. तिशीत असताना त्यांच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. मग गुडघ्यांवर, मग केसांत, मग पाठभर. वर चंदेरी पापुद्रे यायचे आणि गळून पडायचे. सोरायसिस. लागट अजिबात नव्हे, पण हे लोकांना कोण सांगणार? सुरुवातीच्या दिवसांत एका बाईनं त्यांचं कोपर पाहिलं आणि भरून झालेली गादी तशीच टाकून गेली, न्यायला परत आलीच नाही. त्या दिवसापासून बाह्या खाली आल्या त्या आल्याच. पापुद्रे गळायचे, पण कापसाच्या दुकानात पांढऱ्यात पांढरं कोण बघतंय? "मासा पाण्यात रडला तर कुणाला कळतं?" असं ते एकदाच माझ्याजवळ म्हणाले आणि लगेच ठोकळा उचलला.

गावातल्या छोट्या इस्पितळाच्या चाळीस गाद्या त्यांच्याकडे होत्या. दर वर्षी दहा-दहा करून यायच्या. मोठं काम, मानाचं काम. तिथल्या थोरल्या सिस्टर स्वतः येऊन सांगून जायच्या. भाऊजींच्या सगळ्या भीतीचं मूळ तिथं होतं, हे मला फार पुढं कळलं. इस्पितळवाल्यांना आपली कातडी दिसली की आजाऱ्यांच्या गाद्या कोण आपल्याकडे देईल? म्हणून इलाज करायचा तो इस्पितळात नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्वचेच्या एक डॉक्टरीणबाई बसत, तिथं ते बस बदलून जात. दोनदा मीही सोबत गेलो.

बाई तरुण होत्या, बोलायला तिखट. मलम लिहून दिलं आणि विचारलं, "धाप लागते का? छातीत, हातात काही?"

"हात दुखतो," भाऊजी म्हणाले. "डावा. पिंजण धरतो ना त्यानं. गेली दोन वर्षं."

"काम थांबवलं की थांबतो?"

"थांबतोच की. काम थांबवलं की सगळंच थांबतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे बघा, हा आजार नुसता कातडीचा नाही. शरीराचे पहारेकरी चुकून आपल्याच घरावर दगड मारतायत. कातडीवरची सूज आपल्याला दिसते. तसलीच सूज रक्ताच्या नळ्यांच्या आतून असू शकते, ती दिसत नाही. ज्यांना हा आजार असतो, त्यातून तुमच्यासारखा अंगभर, त्यांना हृदयाच्या दुखण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सगळ्यांना होतं असं नाही. पण बघायला हवं. रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, आणि तुमच्या बाबतीत हृदयाचा आलेखसुद्धा. इस्पितळात जा. याच आठवड्यात."

इस्पितळ म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा मिटला. म्हणाले, "बाई, मी दाराचा रंग काढायला माणूस बोलावला, आणि तो म्हणतोय पाया उकरू या."

"दाराला वाळवी असेल तर शहाणा माणूस पायाही बघतो," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठी पुढे केली.

चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात गेली. खिशातून धुण्यात गेली. ताईनं लगदा हातात घेऊन विचारलं, "हे काय होतं?" तर म्हणाले, "मलमाचं नाव. पाठ झालंय मला."

मी का बोललो नाही? बोललो की. वाटेत बोललो, दारात बोललो, चहा पिताना बोललो. चहात ते चार चमचे साखर घालत, त्यावरही बोललो. ते म्हणत, "मेहुण्या, तू गादीवर झोपायचं काम कर, तेवढं तुला जमतं." आणि ढुंग करून तारेवर टोला. टोल्यापुढे कोण बोलणार? पण हल्ली दहा टोले झाले की ते थांबत. पिंजण डोलत राहायचं आणि ते उन्हाच्या पट्ट्याकडे बघत उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणत, "तार ऐकतोय. ढिली झालीय बहुतेक." मलाही ते खरंच वाटायचं. त्या खोलीत सगळंच खरं वाटायचं.

मग ती दुपार आली. ताईनं घर काढलं होतं धुवायला. चादरी, अभ्रे, पडदे, सगळं अंगणात. मी नेहमीसारखा ढिगाला टेकून पेंगत होतो. भाऊजी चहा पिऊन आत आले. भिंतीशी चार गाद्या उभ्या होत्या, त्यांतली शेवटची त्यांनी ओढून जमिनीवर पाडली. निळ्या पट्ट्यांचं कापड, अर्ध्या गावाच्या गाद्यांना त्यांनीच शिवलेलं.

"ही कुणाची रे?"

"मला काय ठाऊक. मी झोपलो होतो."

"ते ठाऊक आहे." ते गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले आणि हात फिरवायला लागले. मग एकदम म्हणाले, "ऊठ. हात दे इकडे. काय लागतंय?"

"खड्डा."

"कुठाय?"

"मध्ये. जरा खालीच."

"बरोबर. आणि डोक्याकडे बघ, कापूस पुन्हा वर आलाय. खांदे इथं टेकतच नाहीत. हा माणूस आडवा होत नाही, मेहुण्या. उशांचा डोंगर करतो आणि बसून झोपतो. आडवा झाला की याचा श्वास कोंडतो." हात पुढे सरकला. "आणि हे पायाकडे, दोन खळगे. टाचा रोवतो. बसल्या बसल्या घसरतो ना, मग टाचा रोवून स्वतःला वर ढकलतो. पुन्हा घसरतो, पुन्हा ढकलतो. वजनदार गडी आहे. आणि डावीकडे वळतच नाही बिचारा, डावी कड बघ, तीही वर आलीय."

मला हसू आलं. "स्वप्नं कसली पडतात त्याला, तेही सांगा."

"पडत नाहीत." त्यांनी डोळे उघडले. "याला झोपच लागत नाही, तर स्वप्न कुठून? चेष्टा नाही ही. दोन वर्षांपूर्वी एक गादी अशीच आली होती, आठवतं? बेकरीवाल्याची. मी काही बोललो नाही, म्हटलं आपण कोण? गादी भरून झाली आणि घ्यायला त्याचा भाऊ आला. या वेळी गप्प बसायचं नाही. याच्या बायकोला बोलावून सांगू, की बाई, गादी राहू दे, आधी याला घेऊन इस्पितळात जा. आजच्या आज."

असं म्हणत त्यांनी कात्री लावून कडेची शिवण उसवली आणि कापसात हात घातला. मूठ बाहेर काढली. मुठीत दाबलेला, पिवळसर कापूस होता आणि त्याला चिकटलेले पातळ पातळ पांढरे पापुद्रे. भाऊजींनी एक बोटांत धरून चोळला. कापूस चोळला की त्याची वात होते. हा चुरला.

उन्हाचा पट्टा त्यांच्या मनगटापर्यंत आला होता. मला वाटलं, आता काहीतरी गमतीचं बोलतील. इतक्यात मागच्या दारातून ताई आली, हातात पिळलेला ओला अभ्रा.

"अहो, हे काय? स्वतःचीच गादी कशाला फाडलीत? मी वारा लागावा म्हणून ठेवली होती तिथं. अकरा वर्षांत कधी हात लावला नाहीत आणि आजच कुठला उमाळा आला?"

आता तुम्ही म्हणाल, स्वतःची गादी ओळखू आली नाही? मलाही तेच वाटलं होतं. पण आपल्या गादीवर आपण पाठ टेकतो, तिचं तोंड कधी बघतो? त्यातून वर कायम अभ्रा. गावभरच्या गाद्यांतून पुढच्याचं दुखणं शोधणारा हा माणूस, काखेत कळसा ठेवून सगळ्या गावाला वळसा घालून आला होता.

"तू तीन उशा कधीपासून देतेस मला?" त्यांनी ताईला विचारलं.

"मी कुठं देते? तुम्हीच ओढून घेता. गेल्या हिवाळ्यापासून." ताईचा आवाज बदलला. "का? काय झालं?"

मग मीच सांगितलं. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, लगदा, दुखणारा डावा हात, दहा टोले, सगळं. ताईनं अभ्रा तसाच पिंजणावर फेकला. तार गुणगुणली.

"चला."

"उद्या जातो."

"आत्ता 'आजच्या आज' कोण म्हणत होतं? ऐकलं मी दारातून."

"अगं, ते दुसऱ्याच्या बायकोला सांगत होतो."

"मग समजा, मी दुसऱ्याची बायको आहे. चला!"

भाऊजी उठले नाहीत. हळूच म्हणाले, "तिथं सदरा काढायला लावतील."

तेव्हा कुठं आम्हाला कळलं की घोडं कुठं अडलंय. इतकी वर्षं मी समजत होतो की भाऊजींना दुखण्याची भीती वाटते. त्यांना भीती होती ती गुंड्यांची.

"थोरल्या सिस्टर असतील," ते म्हणाले. "चाळीस गाद्या जातील."

"जाऊ देत," ताई म्हणाली. "तुम्ही गेलात तर त्या चाळीस गाद्या मी काय डोक्यावर घेऊन नाचू?" आणि मग एकदम तिथंच कापसात बसली आणि त्यांची बाही धरून रडायला लागली. तिला रडताना मी लहानपणानंतर पहिल्यांदाच बघत होतो. भाऊजींनी तिच्या केसांवरचा कापूस काढला. एक तंतू काढला, दुसरा काढला, मग म्हणाले, "ऊठ. चपला कुठं आहेत माझ्या?"

इस्पितळ जवळच होतं, पण त्या अंतरात ते चार वेळा थांबले. पहिल्यांदाच कबूल करून थांबले, तार-बीर काही न ऐकता.

आणि व्हायचं तेच झालं. थोरल्या सिस्टरच समोर. "अरे, गादीवाले! गाद्यांना अजून दोन महिने आहेत ना?" ताईनं सांगितलं तशी त्यांची थट्टा गेली. "झोपा इथं. सदरा काढा."

भाऊजींनी एकेक गुंडी अशी काढली जशी शिवण उसवतात, धागा तुटू नये म्हणून जपून. सदरा उतरला. छाती, पोट, दंड, सगळं लाल आणि चंदेरी. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सिस्टरनी वाकून छाती बघितली. "किती वर्षं आहे हे?"

"पंचवीस."

"आणि आमच्या गाद्या किती वर्षं भरताय?"

"अठरा."

"मग अठरा वर्षांत एका तरी पेशंटला लागलं का? लागत नसतं हो हे. एवढं शिकलेय मी. हात सैल सोडा." त्यांनी ओल्या कापसानं छातीवरची जागा हलकेच पुसली, एकही पापुद्रा ओरबाडला नाही, आणि यंत्राच्या वायरी चिकटवल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरसरत बाहेर यायला लागली. भाऊजींच्या काळजानं काढलेल्या डोंगरदऱ्यांकडे मी बघत बसलो. मला त्यातलं काही कळलं नाही. सिस्टरना कळलं असावं, कारण त्या पट्टी घेऊन भराभर चालत गेल्या.

त्याच दिवशी त्यांना मोठ्या इस्पितळात हलवलं. हृदयाला रक्त देणाऱ्या दोन नळ्या अरुंद झालेल्या निघाल्या, एक तर जवळजवळ बंद. आत बारीक जाळीच्या नळ्या बसवून त्या उघडल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, "आणखी महिनाभर पिंजत राहिला असता तर तुम्ही मला भेटला नसता, मीही तुम्हाला नाही." रक्तदाब चढलेला, साखर वाढलेली, चरबी वाढलेली, आणि तीनही गोष्टींचा यांना पत्ता नाही. त्वचेच्या डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. 'मी म्हटलं नव्हतं' असं त्या म्हणाल्या नाहीत. भाऊजीच म्हणाले, "पाया उकरला, बाई."

"मग?"

"वाळवी होती."

पुढचे चार दिवस विश्रांतीला ते आपल्या छोट्या इस्पितळात होते, स्वतः भरलेल्या गादीवर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सिस्टरना हाक मारली. "कंबरेशी गाठ राहिलीय हो या गादीला."

"अठरा वर्षं पेशंट तेच सांगतायत," सिस्टर म्हणाल्या. "पण तुम्हाला कोण बोलणार?"

गाद्या गेल्या नाहीत. उलट दोन महिन्यांनी दहाच्या ऐवजी बारा आल्या. भाऊजींना पिंजण धरायची बंदी होती, म्हणून ताईनं धरलं. तिचा टोला वेगळा, जरा घाईचा, ढुंगढुंग ढुंग. ते कोपऱ्यात बसून टाके घालत आणि तिला शिकवत, आणि ती म्हणे, "तुम्ही फुकटचे सल्ले देऊ नका, गोळी घेतलीत का ते सांगा." कातडीसाठी आता नवं, जास्त जोराचं औषध सुरू झालं होतं. ठरल्या तारखेला रक्त तपासायचं, रक्तदाब मोजायचा. चहातली साखर गेली. तिच्यासाठी मात्र त्यांनी खरोखरचं सुतक पाळलं. आणि उकाड्याच्या एका सकाळी ते अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून दुकानात आले. एक गिऱ्हाईक कोपराकडे बघत राहिलं. भाऊजी म्हणाले, "सोरायसिस. लागत नाही. गादी कापसाची हवी की कोपर अजून बघायचंय?"

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ताईनं माझी नेमणूक केली. "नुसता झोपतोस, जा त्यांच्याबरोबर." मग आम्ही रोज सकाळी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायला लागलो. मी मागे, ते पुढे, आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या पाठीवर.

एकदा चढावर ते मध्येच थांबले. कंबरेवर हात, मान वर. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी होती, ती चाचपत मी धावलो. "भाऊजी! काय होतंय? छातीत? हातात?"

"गप," ते म्हणाले. "वर बघ."

मी बघितलं. आभाळभर ढग होते, नुकतं ऊन लागलेले, आणि वारा अजिबात नव्हता.

"तो पलीकडचा बघ. तंतू न् तंतू सुटा. कुणीतरी मन लावून पिंजलाय. आणि हा आपल्या डोक्यावरचा?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "नुसत्या गाठी. घाईचं काम. तुझ्या बहिणीचं दिसतंय."

मी गोळी परत खिशात टाकली. मग ते पुढे निघाले, आणि टाकी येईपर्यंत धाप लागली ती मला.